पोंटून बोटीला लिफ्टिंग स्ट्रेक लावायचे का? आधी मोजा, मग पैसे घाला



जलपर्यटनात उतरू पाहणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "सर, पोंटून बोट घेतली, इंजिन बसवलं, पण माणसं भरली की बोट सरकतच नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओत ट्यूबला खाली पट्ट्या लावतात आणि बोट पळायला लागते. आपणही लावू का?"

त्या पट्ट्यांना लिफ्टिंग स्ट्रेक म्हणतात. त्या खरोखर काम करतात, यात फसवाफसवी काही नाही. पण प्रत्येक बोटीवर करत नाहीत, आणि प्रत्येक धंद्याला त्यांची गरजही नसते. ही गोष्ट मी १ लाख २३ हजार रुपये घालवून शिकलो. तुम्ही ती दहा-पंधरा मिनिटं वाचून शिका, म्हणून आजचा लेख.

पोंटून बोट मुळात कशासाठी बनली?

पोंटून बोट म्हणजे दोन किंवा तीन लांब बंद नळकांडी, म्हणजे ट्यूब, आणि त्यावर सपाट डेक. ही कल्पना लोकप्रिय झाली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात. तिथे तळीच तळी. रिचमंड नावाच्या गावाजवळचा अँब्रोस वीरेस हा शेतकरी. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून दोन रांगा केल्या आणि त्यावर लाकडी फळ्यांचा डेक टाकला. तळ्यावर अंगणासारखं ऐसपैस बसता यावं, बोट डुलू नये, एवढीच अपेक्षा होती. त्यातूनच पुढे त्याचा बोटींचा धंदा उभा राहिला.

उद्योजक म्हणून इथे एक गोष्ट टिपून ठेवा. या बोटीची मूळ विक्री "स्थिर आहे, जागा भरपूर आहे, म्हातारी माणसं आणि लहान मुलं आरामात बसतात" यावर झाली. वेग ही नंतर आलेली मागणी. लोकांना त्याच बोटीमागे स्कीइंग करायचं होतं, मग इंजिनं मोठी झाली, तिसरी ट्यूब आली आणि स्ट्रेक आले.

स्ट्रेक नेमकं काय करतो?

आता स्वयंपाकघरात जा. एक चमचा घ्या. नळ बारीक सोडा आणि चमचा दांड्याने सैल धरून त्याची फुगीर बाजू धारेला हळूच टेकवा. तुम्हाला वाटेल पाणी चमच्याला बाहेर ढकलेल. होतं उलटं. चमचा धारेकडे ओढला जातो. वाहतं पाणी गोल पृष्ठभागाला चिकटून वळतं आणि वळताना त्या पृष्ठभागाला स्वतःकडे खेचतं.

पोंटूनची ट्यूब म्हणजे असाच एक लांबलचक चमचा. बोट वेगात निघाली की पाणी ट्यूबच्या पोटाखालून येतं, गोलाईला चिकटून बाजूने वर चढतं आणि ट्यूबला खाली ओढून धरतं. शिवाय जितकी जास्त ट्यूब ओली, तितकं घर्षण जास्त. म्हणजे तुम्ही जेवढा थ्रॉटल देता, त्यातला काही भाग बोट पुढे नेण्याऐवजी हे चिकटलेलं पाणी सोडवण्यात जातो.

आता चहाचं पातेलं आठवा. काठाला चोच नसलेल्या पातेल्यातून चहा ओतला की तो बाहेरच्या अंगाने ओघळतो, ओट्यावर सांडतो. चोच असली की धार स्वच्छ सुटते. स्ट्रेक म्हणजे ट्यूबला दिलेली चोच. ट्यूबच्या बाजूला, पाण्याच्या रेषेखाली, लांबीभर ॲल्युमिनियमची कोनाकार पट्टी वेल्ड करतात. वर चढणारं पाणी त्या धारेवर आपटतं आणि सुटतं. त्यातलं काही खाली ढकललं जातं आणि त्या बदल्यात बोट थोडी वर उचलली जाते.

म्हणजे फायदे दोन: पाणी चिकटणं थांबतं आणि ट्यूब वर उठते. ट्यूब वर उठली की ओला भाग कमी, घर्षण कमी, आणि तेवढ्याच ताकदीत वेग जास्त.

पण अट एकच: वेग हवा

पाण्याने दिलेली ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गणित सोपं आहे. ताशी १० किलोमीटरला उचल १ भाग धरली, तर २० किलोमीटरला ती ४ भाग होते, ३० ला ९ भाग आणि ४० ला १६ भाग.

उलट वाचा. तुमची बोट ताशी १० किलोमीटरनेच फिरणार असेल, तर ४० किलोमीटरला जी उचल मिळाली असती तिच्या सोळाव्या हिश्शावर तुम्ही समाधान मानणार. त्या वेगाला बोट पाण्यात बसूनच चालते. पट्टी तिथे फक्त जास्तीचं वजन आणि जास्तीची ओली जागा.

म्हणून लक्षात ठेवा: स्ट्रेक ताकद निर्माण करत नाही. इंजिनकडे शिल्लक असलेली ताकद तो नीट वापरायला मदत करतो. ताकद शिल्लकच नसेल तर तो काय वापरणार? खिशात पैसे नसताना चांगलं पाकीट घेण्यासारखं ते.

माझी चूक, जशीच्या तशी

माझं बोटीच्या सामानाचं दुकान आहे. दोर, लाइफ जॅकेट, पंखे, प्लग, सगळं ठेवतो. मावसभावाबरोबर भागीदारीत एक जुनी पोंटून घेतली आणि कर्ली खाडीत फेऱ्या सुरू केल्या. २० फुटी, दोन ट्यूब, ४० एचपीचं इंजिन. १० माणसं घेतली की फुल थ्रॉटलला ताशी २१ किलोमीटर. शेजारच्या फायबर बोटी भर्रकन पुढे जायच्या आणि आमचं गिऱ्हाईक तिकडे बघत बसायचं.

मी बीबीए केलेला माणूस. प्रोजेक्ट रिपोर्ट करायला शिकलो होतो, पण त्या दिवशी रिपोर्ट काही केला नाही. तीन रात्री व्हिडिओ बघितले आणि ठरवलं, स्ट्रेक लावायचे. दिवाळीला तीन आठवडे राहिले होते. बोट ट्रॉलीवर काढली आणि एका वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "शेठ, ट्यूब आतून कोरडी आहे ना? कप्पे उघडून बघितले का?"

मी म्हटलं, "कोरडीच आहे. तुम्ही सुरू करा मिस्त्री, दिवाळी तोंडावर आहे."

बघितलं नव्हतं. सीझन डोक्यात होता.

चार पट्ट्या लागल्या, बोट पाण्यात गेली. वेग किती वाढला? साडेएकवीस. अर्धा किलोमीटर! वाऱ्याची दिशा बदलली तरी एवढा फरक पडतो. आणि आठव्या दिवशी डाव्या ट्यूबची मागची बाजू खाली जायला लागली. ऐन दिवाळीत बोट पुन्हा बाहेर.

मागचा कप्पा उघडला तेव्हा कळलं. वेल्डच्या एका बारीक छिद्रातून पाणी येत होतं, पण तेवढंच नव्हतं. तळाशी जुनं, वास मारणारं पाणीही होतं, म्हणजे स्ट्रेक लावण्याआधीपासूनचं. मिस्त्रींनी विचारलेला प्रश्न तिथे आडवा आला. आत ओल असेल तर ॲल्युमिनियमचा वेल्ड नीट बसत नाही, आत बुडबुडे राहतात आणि छिद्रं पडतात. बादल्या मोजल्या, साधारण ११० लिटर पाणी निघालं. ११० लिटर म्हणजे ११० किलो. जवळपास दोन माणसं, तिकीट न काढता रोज आमच्या बोटीत बसत होती.

हिशेब असा झाला:

- पट्ट्या, मजुरी: ४६,०००
- दोन वेळा क्रेन आणि ट्रॉली: ९,०००
- गळती काढणं, पुन्हा वेल्डिंग: १४,०००
- दिवाळीचे ९ दिवस बंद, दिवसाला ६,००० प्रमाणे: ५४,०००

एकूण १ लाख २३ हजार. मावसभाऊ फार काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, मला एकदा विचारायचं तरी. बोट मी चालवतो." ते वाक्य पैशांपेक्षा जास्त लागलं. भागीदारीत धंदा करणाऱ्यांनी हे वाक्य दुकानात लिहून लावावं. जो रोज मशीन चालवतो, त्याला विचारल्याशिवाय मशीन बदलू नका.

स्ट्रेकच्या आधी या पाच गोष्टी तपासा

त्यानंतर आम्ही जे सुरुवातीला करायला हवं होतं ते केलं. क्रम हाच ठेवा, कारण पहिल्या गोष्टी जवळजवळ फुकट आहेत.

१. ट्यूबमध्ये पाणी आहे का? बोट बाहेर काढा, नाक थोडं वर ठेवा, मागचे ड्रेन प्लग उघडा. ट्यूब आतून कप्प्यांत विभागलेली असते, म्हणून प्रत्येक कप्पा स्वतंत्र बघा. प्लग नसेल तर हाताने ठोकून आवाज ऐका. पाणी असलेला भाग बद्द वाजतो.

२. वजन किती आणि कुठे? ६१ सेंटिमीटर व्यासाची, ६ मीटर लांब ट्यूब पूर्ण बुडाली तर साधारण १,७५० किलो पेलते. दोन ट्यूबचे ३,५०० किलो. आता नियम असा धरा, की बोट भरल्यावरही ट्यूब निम्म्याच्या आसपासच बुडावी. म्हणजे बोटीचं स्वतःचं वजन, इंजिन, पेट्रोल, बॅटरी, बाकडी आणि माणसं मिळून १,७५० किलोच्या आसपास. त्यात आम्ही काय केलं होतं? लोखंडी छत, सागवानी बाकडी आणि पुढच्या बाजूला मोठा आइस बॉक्स. नाक खाली गेलं की ट्यूब पाणी कापत नाही, नांगरते. आइस बॉक्स मागे घेतला, लोखंडी छत काढून ॲल्युमिनियमच्या पाइपवर कापड टाकलं. उंच छत वाराही अडवतं, तो भार वेगळाच.

३. ट्यूब स्वच्छ आहे का? बोट पाण्यातच उभी राहत असेल तर ट्यूबवर शेवाळ आणि खाऱ्या पाण्यात खडबडीत कवचाचे जीव बसतात. पातळ थर असला तरी वेग खातो. प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. तारेचा लोखंडी ब्रश नको, ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि लोखंडाचे कण अडकून गंज धरतो. आणि एक सावधगिरी: ॲल्युमिनियमवर तांबं असलेला अँटिफाउलिंग रंग कधीच लावू नका. खाऱ्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं.

४. पंखा बरोबर आहे का? बहुतेक बोटींचा खरा आजार इथे असतो. इंजिनच्या पुस्तकात फुल थ्रॉटलचे आरपीएम दिलेले असतात. बऱ्याच फोर-स्ट्रोक आउटबोर्डसाठी ते ५,००० ते ६,०००च्या दरम्यान असतात. नेहमीची माणसं भरून फुल थ्रॉटल द्या आणि मीटर बघा. इंजिन तिथपर्यंत पोचत नसेल तर पंख्याची पिच जास्त आहे. चढावर चौथ्या गिअरमध्ये रिक्षा ओढल्यासारखं इंजिन गुदमरतंय.

पिच म्हणजे पंखा एका फेरीत, काहीही न घसरता, किती पुढे जाईल ते अंतर. हिशेब करून बघू. आमचं इंजिन ४,५०० आरपीएमवर अडकत होतं. गिअर रेशो २, म्हणजे पंखा मिनिटाला २,२५० फेऱ्या. पिच ११ इंच, म्हणजे ०.२७९ मीटर. २,२५० गुणिले ०.२७९ म्हणजे मिनिटाला ६२८ मीटर, ताशी सुमारे ३७.७ किलोमीटर. आणि बोट प्रत्यक्षात जात होती २१ ने. म्हणजे ४४ टक्के घसरण! पोंटूनमध्ये काही घसरण असतेच, पण एवढी असेल तर काहीतरी गडबड आहे, हे हिशेबच ओरडून सांगतो.

साधारण ठोकताळा असा: पिच १ इंच कमी केली की आरपीएम १५० ते २०० ने वाढतात. आम्ही ९ इंच पिचचा पंखा घातला. ९,५०० रुपये. पाणी काढलं होतं, वजन हलकं केलं होतं, ट्यूब घासली होती. इंजिन ५,३०० ला गेलं आणि वेग साडेपंचवीस. त्याच १० माणसांत.

४६ हजारांच्या पट्ट्यांनी अर्धा किलोमीटर दिला. बादली, खरवडणी आणि ९,५०० च्या पंख्याने चार किलोमीटर दिले.

५. इंजिनची उंची आणि ट्रिम. पंख्याच्या वर एक आडवी सपाट प्लेट असते. बोट पळत असताना ती पाण्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास यावी. इंजिन फार खाली असेल तर पाय उगाच पाणी ओढतो. फार वर असेल तर वळताना पंखा हवा खातो, इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट पुढे जात नाही. ट्रिम थोडं थोडं बाहेर घेत जा. वेग वाढायचा थांबला आणि आरपीएम नुसतेच वाढले, की एक पायरी मागे या.

तरीही स्ट्रेक हवे असतील तर

ही पाचही कामं झाली, इंजिन आपले पूर्ण आरपीएम घेतंय, बोट भरलेली असताना ताशी ३० किलोमीटरच्या आसपास किंवा वर जाते आणि तुमच्या धंद्याला अजून वेग हवाय. आता स्ट्रेक विचारात घ्या. तिसरी ट्यूब आणि मोठं इंजिन असलेल्या बोटीवर त्यांचा फायदा सगळ्यात स्पष्ट दिसतो.

जागा: ट्यूबचं तोंड घड्याळासारखं बघा. पट्ट्या साधारण ४ आणि ८ वाजण्याच्या जागी येतात. बोट उभी असताना त्या पाण्याखाली असायला हव्यात. नाकाच्या गोलाईनंतर सुरू करा आणि मागे पंख्याच्या अगदी समोर आणून सोडू नका. तिथून निघालेला फेस पंख्यात गेला की पकड सुटते.

वळण: बाहेरच्या ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला पट्टी लावली की बोट वळताना आत झुकायला तयार नसते, सपाटच राहते. म्हणून तीन ट्यूबच्या बोटीत बऱ्याचदा मधल्या ट्यूबला दोन्हीकडे आणि बाहेरच्या ट्यूबना फक्त आतल्या अंगाला पट्ट्या लावतात. प्रवासी उभे असतात, लहान मुलं कठड्याला असतात. वळण कसं घेते हे पहिल्या दिवशी रिकाम्या बोटीत, कमी वेगात शिका.

धातू आणि वेल्डिंग: ट्यूब बहुधा ५०५२ सारख्या मरीन ग्रेड ॲल्युमिनियमची असते आणि पत्रा जेमतेम २ ते ३ मिलिमीटर. त्यावर आर्गॉन वेल्डिंगच हवं, तेही ॲल्युमिनियमचा हात असलेल्या मिस्त्रीकडून. फाटकाची ग्रिल करणाऱ्याकडून नको. ५३५६ फिलर वायर या धातूंना चालते. वेल्डिंगआधी ट्यूब आतून कोरडी, बाहेरून तेल-मीठ काढलेली, कप्प्याचे प्लग उघडे, पेट्रोलची टाकी बोटीबाहेर आणि बॅटरीच्या वायरी सोडलेल्या. बंद कप्पा तापवला तर आतली हवा फुगते, हे विसरू नका. लोखंडी स्क्रू आणि रिव्हेट ट्यूबमध्ये मारू नका. एक भोक म्हणजे एक नवी गळतीची जागा.

तपासणी: वेल्ड झाल्यावर कप्प्यात हवा भरून साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. पण दाब दोन-तीन पीएसआयच. "एवढासा दाब काय करणार" म्हणून कॉम्प्रेसर थेट लावू नका. ६१ सेंटिमीटरच्या झाकणावर ३ पीएसआय म्हणजे ६०० किलोचा जोर, १० पीएसआय म्हणजे २ टन. झाकण उडून माणूस जखमी होऊ शकतो.

आणखी दोन गोष्टी. डेकखालच्या आडव्या पट्ट्यांवर पाणी आपटत असेल तर खालून पत्र्याचं आवरण घालतात. वेगवान बोटीत तेही स्ट्रेकइतकंच उपयोगी पडतं. आणि तुमची ट्रॉली ट्यूबला बाजूने टेकून बोट उचलत असेल, तर पट्ट्या तिच्यावर आपटतील. आधी ट्रॉलीचं माप घ्या.

कागदपत्रं: नोंदणी आणि सर्व्हे झालेल्या प्रवासी बोटीत बदल करण्याआधी नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. अपघातानंतर "हे कधी लावलं?" हा प्रश्न नक्की येतो. तेव्हा हातात कागद हवा.

आता धंद्याचं गणित

समजा पट्ट्यांचा सगळा खर्च ६०,००० रुपये. दोन धंदे घेऊ.

पहिला, सूर्यास्ताची फेरी. बोट ताशी ८-१० किलोमीटरने हळूहळू जाते, गाणी, चहा, भजी, फोटो. इथे स्ट्रेकमुळे पेट्रोल वाचत नाही आणि गिऱ्हाईक वेगाचे पैसे देत नाही. ६०,००० परत येणार नाहीत. त्याच पैशात चांगल्या गाद्या, सावली आणि स्वच्छ लाइफ जॅकेट घ्या. तिकीट वाढवता येईल.

दुसरा, टो राइड किंवा लांबचं अंतर. मोठं इंजिन, दिवसाला ४ तास वेगात. समजा तासाला १५ लिटर पेट्रोल आणि चाचणीत तुम्हाला १० टक्के बचत दिसली. तासाला दीड लिटर. पेट्रोल १०० रुपये धरलं तर तासाला १५०, दिवसाला ६००. १०० दिवसांत ६०,००० वसूल. सीझन १५० दिवसांचा असेल तर ३० हजार वर.

पण ते "१० टक्के" मी उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या बोटीचा आकडा तुम्हीच काढायचा. तोही असा: तीच माणसं किंवा तेवढ्याच वजनाचे पाण्याचे कॅन, तेवढंच पेट्रोल, वारा कमी असलेली सकाळ. मोबाइलच्या जीपीएसवर जाताना आणि येताना दोन्ही वेग घ्या आणि सरासरी काढा, नाहीतर भरती-ओहोटीचा प्रवाह तुम्हाला खोटा वेग दाखवेल. पेट्रोलसाठी टाकी काठोकाठ भरा, ठरलेल्या फेऱ्या करा, पुन्हा काठोकाठ भरा आणि किती मावलं ते लिहा. बदलाआधी तीनदा, बदलानंतर तीनदा. आणि एका वेळी एकच बदल करा. पंखा आणि स्ट्रेक एकाच दिवशी बदलले तर फायदा कोणामुळे झाला, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

शेवटचं, वेळ. पावसाळ्यात किनाऱ्यावरचं जलपर्यटन बंद असतं. वेल्डिंग, रंग, दुरुस्ती, प्रयोग, सगळं तेव्हा. सीझनच्या तोंडावर चालू मशीनला हात लावायचा नाही, मग ती बोट असो, चक्की असो की कुल्फीचं फ्रीजर.

या आठवड्याचं होमवर्क

तुमच्याकडे बोट असेल तर उद्या सकाळी वहीत तीन आकडे लिहा: भरलेल्या बोटीचा वेग, फुल थ्रॉटलचे आरपीएम आणि ड्रेन प्लगमधून निघालेलं पाणी. बोट नसेल तर तुमच्या धंद्यातलं असं एक मशीन शोधा, जे हळू चालतं म्हणून नवीन पार्ट घ्यावासा वाटतोय. आधी त्याची "ट्यूब" उघडून बघा, आत काय साचलंय ते.

आमची बोट आजही चालते. पट्ट्या अजून तशाच आहेत, काढायचा खर्च कोण करणार? पंचवीस किलोमीटरला त्या थोडंफार काम करतही असतील. वेगाची जाहिरात मात्र आम्ही बंद केली. पाटीवर आता लिहिलंय: "आजी-आजोबांसाठी न डुलणारी बोट". ही पाटी मावसभावाने सुचवली. यावेळी मी आधी विचारलं होतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत मोजत राहा!